नाकाडोंगरीची फिल्टर-वही

जून उजाडला की इथल्या गॅरेजांपुढे ट्रॅक्टरांची रांग लागते. पाऊस आला की चिखलणी, चिखलणी झाली की रोवणी. त्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला तर पऱ्ह्यांचं, म्हणजे रोपांचं, वय निघून जातं आणि धानाचा उतारा घटतो. केजव्हील लावलेलं इंजिन सकाळपासून अंधार पडेपर्यंत एकाच रेसवर धानाची बांधी तुडवत असतं. वर्षभरात त्याच्यावर एवढा ताण दुसऱ्या कोणत्याच कामात येत नाही. म्हणून तेल आणि फिल्टर रोवणीच्या आधीच बदलायचे. नंतर सवडीने करू म्हणणाऱ्याला पुढचे दोन महिने सवड मिळत नाही.

*

तेल लोखंड आणि लोखंड यांच्यामध्ये राहतं. क्रँकच्या बेअरिंगमध्ये त्याचा थर काही मायक्रॉनचाच असतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. कागदी फिल्टर चांगला असला तरी 20 ते 40 मायक्रॉनच्या पुढचाच कण तो भरवशाने धरतो. त्याहून बारीक कण पहिल्या फेरीत निसटतो आणि पुढच्या कुठल्यातरी फेरीत घड्यांमध्ये अडकतो. तेलाच्या अशा असंख्य फेऱ्या होत असतात, म्हणून एवढ्या जाड जाळीवरही इंजिन टिकतं. पण कागद पूर्ण भरला की ही सोय संपली.

*

इथली धूळ वेगळी आहे, हे बाहेरून आलेल्याला लवकर पटत नाही. तुमसर तालुक्याच्या या कोपऱ्यात मॅंगनीज आहे. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, चिखल्याची जमिनीखाली. दोन्ही मॉइल कंपनीच्या. मॉइल 1962 ची, पण तिची मुळं 1896 साली सुरू झालेल्या इंग्रज कंपनीत आहेत, म्हणजे या भागात दगड फोडायला लागून सव्वाशे वर्षं होऊन गेली. डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज डायऑक्साइडला बॅटरी-सेलच्या कारखान्यांकडून मागणी असते. मिस्त्री ज्या टॉर्चच्या उजेडात फिल्टरची बैठक पाहतो, तिच्या सेलात भरलेली काळी पूड याच जातीची.

या पट्ट्यातल्या मॅंगनीज दगडात ब्राउनाइट हे खनिज भरपूर आहे. त्याचा कठीणपणा मोहच्या मोजपट्टीवर 6 ते 6.5 येतो, काचेचा साडेपाचच्या आसपास. सोबत गारेचा दगड असतो, त्याचा 7. हायवा डंपर गेला की रस्त्यावर जो काळसर-तांबूस लोट उठतो त्यात हे सगळं असतं. बेअरिंगवरचा पांढरा धातू याच्यापुढे फारच मऊ. कण त्यात रुतून बसतो आणि तिथून क्रँक घासत राहतो.

*

दिवाळीच्या सुमारास दुसरी धूळ सुरू होते, धानाची. तूस हलकं, दिसायला निरुपद्रवी. पण तुसाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा राख असते आणि ती राख जवळजवळ सगळीच सिलिका, म्हणजे वाळूचीच जात. पंजाबातून हार्वेस्टर घेऊन येणारी मंडळी हे ओळखून असतात. त्यांच्या सोबतच्या गाडीत फिल्टरचे खोके भरलेले असतात आणि हवेचा फिल्टर रोज संध्याकाळी झटकला जातो. काम किती का पडलेलं असेना, झटकल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. आपल्याकडच्या मळणीवाल्यांनी त्यांच्याकडून एवढं तरी घ्यावं.

*

धूळ तेलात येते कुठून? बहुतेक हवेच्या वाटेने. एअर क्लीनरच्या नळीला चीर असेल, वाटीतलं तेल आटलं असेल, क्लिप ढिली असेल, तर धूळ सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगांच्या कडेने उतरून चेंबरमधल्या तेलात मिसळते. ऑइल फिल्टर हा त्या अर्थाने शेवटचा पहारा. ऑइल फिल्टर पुन्हा पुन्हा लवकर भरत असेल तर महागडा फिल्टर आणण्याआधी हवेची नळी हाताने पिळून, वाकवून पाहावी. घडीच्या आतली चीर वरून दिसत नाही.

*

स्प्लेंडरवाले विचारतात, आमच्या गाडीचा फिल्टर कधी बदलायचा? तिच्यात कागद नाहीच. एक जाळी असते आणि क्रँकच्या टोकाला फिरणारी एक वाटी. तेल त्या वाटीतून जातं, जड कण वेगाने कडेला फेकले जातात आणि तिथे चिकटून त्यांचा काळा लेप तयार होतो. तो काढायला क्लचचं झाकण उघडावं लागतं. म्हणून बहुतेक वेळा तो कोणी काढतच नाही, तेल बदललं की सर्व्हिसिंग झाली असं धरून चालतात. हा लेप नखाने खरवडून पाहिला की गाडी कोणत्या रस्त्यावर चालली ते कळतं. खाणीवर रोजंदारीला जाणाऱ्यांच्या गाड्यांत तो किरकिरीत लागतो.

*

आता मुख्य गोष्ट. फिल्टर दोन तऱ्हेचे. एक डब्याचा: पत्र्याच्या डब्यात कागद, अख्खा डबाच फिरवून लावायचा आणि फेकायचा. दुसरा नुसता कागदाचा, म्हणजे एलिमेंट. त्याचं घर इंजिनावर कायमचं असतं, आपण टोपण उघडून आतला कागद बदलतो. डब्याचा लावणं सोपं आहे. कागदाचा लावताना हात स्वच्छ लागतो आणि डोकं जाग्यावर लागतं, कारण डब्यात कारखान्याने जे जे बसवून दिलेलं असतं ते इथे आपल्याला बसवावं लागतं. रिंग आपण लावायची, स्प्रिंग आपण लावायची, दिशा आपण पाहायची.

मला कागदाचाच आवडतो. तो उघडतो, म्हणून.

*

जुन्या ट्रॅक्टरांत आणि जुन्या ट्रकांत पेला, त्यात एलिमेंट आणि मधला लांब बोल्ट अशी रचना असे. पुढे डब्याचा फिल्टर आला, अमेरिकेत 1950 च्या दशकात, आणि सगळीकडे तोच झाला. मग युरोपात पुन्हा कागदाकडे वळले, कारण तेलाने भिजलेले पत्र्याचे डबे टाकायचे कुठे हा प्रश्न उभा राहिला. आता नव्या कागदी फिल्टरात धातूचा तुकडाही नसतो. आपल्या गावात ही दोन्ही टोकं एकाच गॅरेजात शेजारी उभी दिसतात. आजोबांचा ट्रॅक्टर पेल्याचा, नातवाची जुनी घेतलेली स्विफ्ट डिझेल प्लास्टिकच्या टोपणाची. मधल्या पिढीची बोलेरो डब्याची.

*

स्विफ्टचं ते 1.3 लिटरचं डिझेल इंजिन मुळात फियाटचं. मारुतीने 2007 साली ते इथे आणलं आणि 2020 साली बंद केलं. मधल्या काळात डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा यांतही तेच होतं. टाटांच्या इंडिका व्हिस्टातलं याच घराण्यातलं, ते आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात बनत असे. तालुक्यात या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि सवाऱ्या वाहतात. ह्युंदाईच्या वेर्ना-क्रेटाची डिझेल इंजिनं आणि महिंद्राचं एमहॉक, यांचेही फिल्टर कागदाचेच. म्हणजे कागदी फिल्टर बसवता येणं ही आता गावच्या गॅरेजचीही गरज झाली आहे.

1.3 च्या या छोट्या इंजिनात तेल तीन लिटरच्या आसपासच असतं. थोडं तेल, त्यावर टर्बो, आणि टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेतो, तोही तेलाच्या थरावर. शिवाय त्यात टायमिंगचा पट्टा नाही, साखळी आहे आणि तिचा ताण तेलाच्या दाबावर राहतो. तेल घाण झालं की साखळी वाजू लागते. सकाळी स्टार्ट करताना खळखळ ऐकू आली तर आधी विचारावं, फिल्टर कधी बदलला होता?

*

निवड करताना नियम एकच: जुना कागद सोबत न्या. फक्त गाडीचं नाव सांगून फिल्टर मागू नये. एकाच नावाच्या गाडीत वेगळ्या वर्षी वेगळं एलिमेंट निघतं. उंचीत चार-पाच मिलिमीटरचा फरक असला तर टोपण बसतं, आटे धरतात, गाडी चालते आणि आत कागद वरच्या बैठकीला टेकलेलाच नसतो. तेल कागदाच्या कडेने सुटून सरळ इंजिनात जातं. बाहेर एक थेंब गळत नाही, दाबाचा दिवाही लागत नाही. कळायला काही मार्गच नाही.

दुकानात दोन्ही शेजारी उभे करून पाहावे. उंची, बाहेरचा घेर, मधलं भोक. मग घड्या मोजाव्यात. त्याच आकारात घड्या कमी म्हणजे कागद कमी, म्हणजे लवकर भरणार. शेवटी दोन्ही टोकांच्या चकत्या अंगठ्याने दाबून पाहाव्यात. डिंक सुटलेला असला तर तिथेच कळतं.

*

खोक्यावरच्या अक्षरांचाही उपयोग आहे. मान कंपनीच्या खोक्यावर ‘एचयू’ असेल तर तो बिनधातूचा कागद, ‘डब्ल्यू’ असेल तर डबा. माहलेच्या ‘ओएक्स’ म्हणजे कागद, ‘ओसी’ म्हणजे डबा. आमच्या भागात फोनवरून नागपूरला ऑर्डर सांगतात आणि माल बसने येतो. एक अक्षर चुकलं तर आलेला माल परत पाठवण्यात दोन दिवस जातात. अक्षरासकट नंबर सांगावा आणि पलीकडच्याकडून परत वाचून घ्यावा.

*

नकली माल. छपाई पुसट, कागद पांढुरका, घड्या वेड्यावाकड्या. पण हल्ली छपाई चांगली करतात. माझी कसोटी रिंगेची. चांगल्या फिल्टरसोबत येणारी रिंग ताणून सोडली की झटकन पूर्ववत होते आणि बोटावर काळं सोडत नाही. नकलीची रिंग बहुधा तिथेच उघडी पडते, कारण बनवणाऱ्याने सगळं लक्ष खोक्यावर दिलेलं असतं. रिंग सोबत नसलेलं एलिमेंट मी घेत नाही, कितीही नावाजलेलं असलं तरी. जुनी रिंग परत लावायची नसते. तापून तिचा घेर चपटा झालेला असतो.

*

पेल्याचा फिल्टर बसवताना पाहणं मला अजून शिकवून जातं. इथले एक जुने मिस्त्री आहेत. ते आधी डिझेलने आणि ब्रशने फिल्टरच्या भोवतीचं सगळं धुतात, कापडाने पुसतात, मग पाना लावतात. कोणी घाई केली तर म्हणतात, “काहून घाई करता जी? बाहेरची माती आत गेली तं फिल्टर बदलून काय फायदा?”

यात मोठं शहाणपण आहे. फिल्टरच्या घरात दोन बाजू असतात, एक घाण तेलाची, एक गाळलेल्या तेलाची. उघडताना पडलेला मातीचा कण घाण बाजूला पडला तर कागद त्याला धरेल. गाळलेल्या बाजूला पडला तर पुढे त्याला धरणारं काहीच नाही, तो थेट बेअरिंगवर जाईल. चिखलणीचा ट्रॅक्टर खालून वाळलेल्या गाळाने लिंपलेला असतो. तो तसाच उघडणं म्हणजे वर्षभराच्या धुळीपेक्षा मोठी घाण एका मिनिटात आत सोडणं.

पेला उतरला की त्यातलं तेल ओतून ते तळ पाहतात. मग वरच्या डोक्यातल्या खाचेत बोट फिरवतात. जुनी रबरी रिंग तिथेच चिकटून राहिलेली असते, तेलाने काळी, खाचेच्याच रंगाची. दिसत नाही, बोटाला लागते. ती टोकदार तारेने उचलून काढायची. ती राहिली आणि तिच्यावर दुसरी बसवली की सुरुवातीला काहीच होत नाही. इंजिन तापलं, दाब वाढला, की नवी रिंग एका बाजूने बाहेर येते आणि चेंबरमधलं तेल काही मिनिटांत बांधीत.

मग पेल्यातला क्रम. बोल्ट, त्यावर स्प्रिंग, स्प्रिंगवर पत्र्याची चकती, चकतीवर रबराची किंवा नमद्याची बैठक, त्यावर कागद. स्प्रिंग कागदाला वर दाबून धरते. ती पेल्याच्या गाळात बसते आणि पेला झटकला की तेलासोबत निघून जाते. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत ती नाहीच. मालकाला माहीत नसतं आणि नवीन पोराला तिथे काही असायला हवं होतं याचीच कल्पना नसते. कागद पेल्यात सैल हलतो, तेल त्याला वळसा घालून जातं. दरवर्षी नवा फिल्टर आणि तरी बेअरिंग लवकर जातं, अशी तक्रार आली की हे मिस्त्री पहिल्यांदा स्प्रिंग शोधतात.

*

प्लास्टिकच्या टोपणावर बहुधा एक आकडा कोरलेला असतो. पुष्कळांवर 25. हे न्यूटन-मीटर. वीस सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला जेमतेम 13 किलोचा जोर दिला की झालं. त्यापुढे ताकद लावू नये. गळू नये म्हणून लोक दांड्याला पाइप लावून आवळतात. पुढच्या वेळी टोपण निघत नाही, मग छिन्नी-हातोडी, मग टोपणाला तडा. न गळण्याचं काम रिंग करते, आवळण्याने त्यात काही भर पडत नाही. टॉर्क पाना गावात एखाद्याकडेच असतो. नसेल तर टोपण तळाला टेकल्याचं हाताला कळतं, तिथून थोडंसंच पुढे न्यावं.

टोपणावर दोन-तीन खाचा दिसतात. रिंग त्यातल्या एकीतच बसते, जी जुनी रिंग जिथून निघाली तिच्यात. म्हणून जुनी रिंग काढण्याआधी तिचा मोबाइलवर फोटो घ्यावा. नवी रिंग नव्या तेलात बुडवून लावावी. कोरडी लावली तर टोपण फिरताना ती पीळ खाते आणि एका जागी कापते. ग्रीस लावू नये, तेल पुरे.

काही एलिमेंटांना खालच्या टोकाला प्लास्टिकची एक खुंटी असते. घराच्या तळातलं तेल परत जाण्याचं भोक ती बुजवते. खुंटी भोकात न बसता टोपण आवळलं तर खुंटी मोडते किंवा तेल चेंबरकडे परत वाहत राहतं आणि दाब येत नाही. हलक्या हाताने फिरवत खाली सोडावं, खट् असा बसल्याचा अंदाज आला की मगच जोर.

*

दिशा. मोटरसायकलींत हे फार महत्त्वाचं. पुष्कळ एलिमेंटांचं एक टोक बंद आणि एक उघडं असतं. उलटं बसवलं तर तेलाची वाटच बुजते आणि इंजिन जाम. होंडाच्या काही एलिमेंटांवर बाहेरच्या टोकाला ‘आउट-साइड’ असं छापलेलं असतं, ते वाचायचं. छापलेलं नसेल तर जुनं कसं होतं ते पाहायचं. जुनंच कोणी उलटं बसवलेलं असू शकतं, म्हणून घराच्या तळात तेलाचं भोक कुठे आहे तेही पाहायचं.

*

बुलेट. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनात नमद्याचा फिल्टर असे, धुऊन परत लावण्यासारखा. नव्या इंजिनात कागद आला. पण सवय गेली नाही. कागदही पेट्रोलमध्ये धुतात, वर कॉम्प्रेसरची हवा मारतात. नमदा धुणं ठीक, कागद धुणं नाही. हवेच्या झोताने घड्यांमधली घाण थोडी निघते, पण कागदाचे तंतू फाटतात आणि डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. शिवाय कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी त्या हवेत येतं. कागदाला राळ पाजून, भाजून कडक केलेलं असतं. एकदा त्याने तेल आणि उष्णता पाहिली की तो परत नवा होत नाही.

तेलाच्या डब्याच्या मानाने फिल्टरची किंमत फारच थोडी. तरी “एकआड एक फिल्टर” ही पद्धत चालूच आहे. नवं तेल भरायचं आणि जुन्या फिल्टरमध्ये उरलेलं काळं तेल त्यात मिसळू द्यायचं, यात बचत कसली ते मला कळलेलं नाही.

*

फिल्टर भरला म्हणून इंजिनाला तेल बंद होत नाही. आत एक बायपास व्हॉल्व्ह असतो. कागदाच्या दोन्ही बाजूंच्या दाबात साधारण 1 बारचा फरक पडला की तो उघडतो आणि न गाळलेलं तेल पुढे सोडतो. घाण तेल बिनतेलापेक्षा बरं, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. थंडीत सकाळी तेल घट्ट असताना नवा फिल्टर असला तरी हा व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो. म्हणून जानेवारीत स्टार्ट केल्याबरोबर रेस देऊ नये. पण याचाच अर्थ असा की फिल्टर पूर्ण बुजल्याची खबर चालकाला कोणी देत नाही. तासांचा मीटर पाहणं हीच खबर. बहुतेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत 250 तास असतात. चिखलणी, मळणी आणि खाणीच्या रस्त्याची वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरने त्याच्या बरंच आधी बदलावा, असं माझं ठाम मत आहे. पुस्तिका लिहिणाऱ्याने डोंगरी बुजुर्गचा रस्ता पाहिलेला नसतो.

*

मोटारीला ऑइल फिल्टर लावण्याची सुरुवात अमेरिकेत 1923 च्या सुमारास झाली. कॅलिफोर्नियातल्या अर्नेस्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहॅल्घ यांनी प्युरोलेटर बाजारात आणला, आणि 1924 च्या क्रायस्लर गाडीत तो आला. सुरुवातीचे फिल्टर सगळं तेल गाळत नसत, पंपातून निघालेल्या तेलाचा थोडा भाग बाजूला काढून गाळत. त्याआधी तेल बदलणं हाच एक उपाय होता, आणि तोही काहीशे मैलांवर. आज आपण हजारो किलोमीटर निर्धास्त जातो. या कागदाचं श्रेय त्यात मोठं आहे, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून ही वही.

*

आता मला सगळ्यात आवडणारं काम: जुना कागद वाचणं.

डब्याचा फिल्टर कापायला करवत लागते आणि करवतीचाच कीस आत पडतो. कागदाचा नुसता ब्लेडने कापता येतो. दोन्ही टोकांजवळ चीर द्यायची, घड्यांची पट्टी सोडवायची, फडक्यात गुंडाळून बांकावरच्या शिकंज्यात दाबायची म्हणजे तेल निघून जातं. मग उन्हात पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर पसरायची. एक एक घडी उघडत जायचं.

चकाकणारा कीस दिसला तर चुंबक फिरवायचा. चिकटला तर लोखंड: रिंग, लाइनर, गिअर, कॅम. चिकटला नाही आणि रुपेरी असला तर पिस्टनचं अॅल्युमिनियम किंवा बेअरिंगचा पांढरा धातू. तांबूस-पिवळा असला तर बुश. थोडासा कीस प्रत्येक फिल्टरमध्ये असतो, त्याने घाबरू नये. गेल्या वेळेपेक्षा वाढला का, ते पाहावं. दुधट लेप असेल तर पाणी शिरतंय, हेड गॅस्केट बघा. रबराचे तुकडे असतील तर कुठलीतरी सील गेली, किंवा मागच्या वेळची रिंग आत पडली.

काळी पूड सगळ्यांच्याच डिझेल इंजिनात असते, ती काजळी. अडचण अशी की इथे मॅंगनीजची धूळही काळीच. चुंबकाने ती ओळखू येत नाही. यासाठी गावातली रीत आहे, आणि ती शास्त्राला धरून आहे. थोडी पूड पेट्रोलमध्ये धुऊन, वाळवून, काचेच्या दोन तुकड्यांमध्ये घालून घासायची. काजळी काळा डाग सोडते, काच जशीच्या तशी. ब्राउनाइट किंवा गार असेल तर काचेवर ओरखडे उठतात आणि घासताना किर्र् असा आवाज येतो. मऊ, मातकट मॅंगनीजही असतं, त्याने काचेवर ओरखडा उठत नाही, तेव्हा ओरखडा उठला नाही म्हणून धूळ नाहीच असं म्हणता येणार नाही. पण उठला तर शंका नको. एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंतची एकेक जोडणी उघडून पाहायची.

गॅरेजमधल्या एका पोराला हे दाखवलं. त्याने काच उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाला, “हे तं इंजिनात बी असंच ओढलं असन न जी.” लाइनरवर उभे ओरखडे कसे पडतात हे त्याला पुस्तकाशिवाय समजलं. असा पोरगा पुढे चांगला मिस्त्री होणार. त्याला तुमसरच्या आयटीआयला पाठवा म्हणून मी त्याच्या वडिलांच्या मागे लागलो आहे.

*

बसवून झालं की लगेच जोरात स्टार्ट करायचं नाही. घर रिकामं आहे, तेल तिथपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. ट्रॅक्टरचा स्टॉप ओढून ठेवून सेल्फ थोडा थोडा मारावा, दाबाचा काटा हलला की मग सुरू करावं. मोटारीत स्टार्ट करून नुसती चालू ठेवावी, दिवा विझेपर्यंत अॅक्सिलरेटरला पाय नको. टर्बो असेल तर हे आणखी महत्त्वाचं. मग खाली वाकून टोपण आणि चेंबरचा नट पाहावा. बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून गेज काढावा. फिल्टरने तेल ओढलेलं असतं, पातळी उतरते, तेवढी भरावी.

नटाखालचा तांब्याचा वायसर नवा. तोही दरवेळी.

*

काढलेल्या तेलाचं काय? गाडीवाले लाकडाला वाळवीवर लावतात, सेंटरिंगवाले फळ्यांना फासतात, उरलेलं नालीत. नालीतून बांधीत, बांधीतून बावनथडी नदीकडे. कायद्याने हे तेल घातक कचऱ्यात मोडतं, 2016 च्या नियमांत तसं लिहिलेलं आहे, आणि 1 एप्रिल 2024 पासून तेल बनवणाऱ्या आणि बाहेरून आणणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी आली आहे. गॅरेजवाल्यांनी एक ड्रम ठेवावा, पाणी आणि कूलंट त्यात मिसळू देऊ नये, आणि परवाना असलेल्या उचलणाऱ्यालाच द्यावा. त्याचे पैसेही मिळतात. ज्या बांधीसाठी ट्रॅक्टर नीट ठेवायचा, तिच्यातच त्याचं काळं तेल सोडायचं, हे मला बघवत नाही. कागदी फिल्टर निथळायला रात्रभर जाळीवर ठेवला तर त्यातूनही बरंच तेल त्या ड्रममध्ये जातं.

*

ट्रॅक्टरच्या पेटीत रोवणीआधी ठेवायचं: दोन एलिमेंट, त्यांच्या रिंगा पाकिटासकट, तांब्याचे वायसर, पेल्याची स्प्रिंग आणि चकती जादा, रिंग उचलायची तार, बिनधाग्याचं कापड. टोपणावर पांढऱ्या रंगाने तासांचा आकडा लिहायचा, म्हणजे ड्रायव्हर बदलला तरी कळतं. एलिमेंट पाकिटातून आधीच काढून ठेवू नये. पेटीतल्या धुळीने ते बसवायच्या आधीच निम्मं भरलेलं असतं, आणि भरतं ते आतल्या बाजूने, जिथून इंजिनाला तेल जातं.